सहावी बसली की दिवे जातात

अर्थिंगमामांचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. गाडीचा कुठलाही दिवा रुसू दे, हॉर्नचा घसा बसू दे, वायपर अर्ध्यात अडू दे, बॉनेट उघडायच्या आधीच मामा म्हणणार, "आधी अर्थिंग बघू." अर्थिंग म्हणजे दिव्यातून गेलेली वीज गाडीच्या लोखंडात परतायची वाट, आणि दहापैकी सात वेळा दोष तिथेच निघायचा. उरलेल्या तीन वेळा मामा असं तोंड करायचे, की गिऱ्हाइकाला वाटावं आपणच काहीतरी चुकीचं आणलं.

त्यांचं दुकान म्हणजे टायरवाल्याच्या शेजारची पत्र्याची शेड. भिंतीवर रंगारंगाच्या वायरींची भेंडोळी, खिळ्यांना लटकवलेले जुने होल्डर, आणि वरच्या खिशात कायमचा टेस्टर: लाकडी मुठीत बसवलेला एवढासा बल्ब आणि त्याला दोन वायरी. मीटर वगैरे मामांनी कधी विकत घेतला नाही. आकडे वाचायला आपण काय डॉक्टर आहोत का, असं ते विचारायचे.

मागच्या दिव्यांवर तर त्यांचा विशेष जीव. मागचे दिवे चालवणाऱ्याला दिसत नाहीत, म्हणून ते तपासायला दोन माणसं लागतात. मामा स्वतः ब्रेकवर पाय ठेवून बसायचे आणि गिऱ्हाइकाला गाडीच्या मागे उभं करायचे. त्याने दोनच शब्द बोलायचे, "आहे" किंवा "नाही". "थोडासा आहे", "मला वाटतं आहे", "मघाशी होता बघा" असलं काही कुणी बोललं की मामा ब्रेकवरचा पाय काढायचे आणि पहिल्यापासून सुरुवात करायचे. गिऱ्हाईक सांगतं त्यातलं अर्धं त्याच्या कल्पनेतलं असतं, हा त्यांचा पक्का सिद्धांत. एकदा तर एका वकिलाला त्यांनी पाऊण तास "आहे, नाही" करायला लावलं होतं. जन्मात पहिल्यांदाच इतकं कमी बोललो, असं वकील जाताना म्हणाला.

दुसरा अभिमान वायरिंगचा. मामांनी टाकलेली वायर कुठे लोंबणार नाही, कुठे झोळ पडणार नाही. वाद्याच्या तारेसारखी ताठ. बोटाने छेडली तर सूर निघेल अशी. गाडी लिफ्टवर चढवली की मेकॅनिक लोक खालून बघायचे आणि म्हणायचे, हे मामांचं काम. मामा तेव्हा मुद्दाम दुसरीकडे बघायचे, पण कान तिकडेच.

आता या मामांच्या घरी मामी. मामी टपाल कचेरीत पार्सलं तोलायच्या आणि संध्याकाळी रस्सीखेच खेळायच्या. आठजणींचा संघ. मामी सगळ्यात शेवटची, दोर खांद्यावरून पाठीमागे घेऊन टाच रोवून उभी राहणारी. पुढच्या सातजणी कितीही डगमगल्या तरी शेवटची हलली नाही की संघ हलत नाही. बारा वर्षं मामी हलल्या नव्हत्या. यंदा पन्नाशी गाठली होती, गुडघा कुरकुरत होता आणि त्यांनी जाहीर केलं होतं की हा शेवटचा मोसम. आणि नेमका याच मोसमात संघ अंतिम सामन्यात पोचला होता.

संघाची गाडी म्हणजे बेकरीवालीची पावाची गाडी. बेकरीवाली स्वतः संघात तिसरी. सकाळी पाव वाटून झाले की ट्रे काढायचे, आत दोन बाजूंना बाक टाकायचे, सहाजणी मागे, दोघी पुढे, चालल्या मैदानावर. या गाडीचे मागचे दिवे महिनाभर दगा देत होते. म्हणजे असं बायकांचं म्हणणं. मामांचं म्हणणं वेगळं.

तीन वेळा बेकरीवाली गाडी घेऊन आली. तीनही वेळा मामांनी ब्रेक दाबला आणि तीनही वेळा मागे लालभडक उजेड पडला.

"आहे," बेकरीवाली मुकाट्याने म्हणाली. मग राहवेना. "पण मामा, मैदानावर जाताना नसतात हो. मागच्या ट्रकवाल्याने सांगितलं."

"ट्रकवाल्याला झोप आली असेल," मामा म्हणाले.

रात्री मामींनी विषय काढला. "अहो, दिवे जातात. मी स्वतः उतरून बघायला गेले होते."

"मग होते की नव्हते?"

"उतरून मागे जाईपर्यंत आले."

मामा हसले. तेच त्यांचं चुकलं. "तुम्हा सगळ्यांना भास होतोय. अंतिम सामन्याचं दडपण. होतं असं."

मामींनी भांडण केलं नाही. भांडण परवडलं असतं. त्यांनी फक्त ताट पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "सत्तावीस वर्षं झाली लग्नाला. मी काही सांगितलं आणि तुम्ही ते तपासल्याशिवाय खरं मानलं, असं एकदाही झालेलं नाही." त्यानंतर दोन दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं चाललं. मामांना ते लागलं, खरंच लागलं. पण चूक कबूल करावी तर चूक दिसत कुठे होती? दिवे तर चांगले लागत होते.

सामन्याच्या दिवशी दुपारी दीड वाजता मामा डबा उघडून बसले होते. तेवढ्यात पावाची गाडी भरधाव आली आणि शेडच्या तोंडाशी कचकन थांबली. मामांच्या डोळ्यांदेखत थांबली, आणि मागे काळोख. एकही दिवा नाही.

घास हातात राहिला.

गाडीतून आठजणी धडाधड उतरल्या. पुलावरच्या पोलिसाने परत पाठवलं होतं. मागचे दिवे लागल्याशिवाय पूल ओलांडायचा नाही, आणि पलीकडे जायला दुसरा रस्ता नाही. तीन वाजता वजनाचा काटा बंद होणार. काट्यावर हजर नाही तो संघ बाद. मैदान चाळीस मिनिटांवर.

"सव्वादोनला निघायलाच हवं," कर्णधार म्हणाली. ती शाळेत खेळ शिकवायची आणि साधं वाक्यही शिट्टी मारल्यासारखं बोलायची.

मामा डबा सोडून धावले, चालकाच्या जागी बसले, ब्रेक दाबला. "बोला!"

मागून बेकरीवालीचा रडका आवाज आला. "आहे."

मामा उतरून स्वतः बघून आले. टायरवाल्याने ब्रेक दाबला होता आणि दिवे असे पेटले होते, जणू काही झालंच नाही. मघाचा काळोख मामांनी पाहिला नसता तर त्यांनी पुन्हा भासच म्हटलं असतं. पण आता भास झाला असेल तर तो त्यांनाही झाला होता. मामांच्या मानेवर घाम आला.

मामी बाजूला उभ्या होत्या. गुडघा चोळत पुलाच्या दिशेला बघत होत्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बसा," मामा अचानक म्हणाले. "सगळ्या नको. मागच्या सहाजणी, एकेक करून."

पहिली चढली. मामांनी ब्रेक दाबला. आहे. दुसरी चढली. आहे. तिसरी, चौथी, पाचवी. आहे, आहे, आहे. प्रत्येक वेळी गाडी जराशी कण्हत होती. मग मामी चढल्या, दाराशी आपल्या जागेवर बसल्या.

"नाही!" बेकरीवाली किंचाळली. "मामा, गेले, गेले सगळे! डावा पण, उजवा पण!"

"दोनच शब्द!" मामा पुढून ओरडले.

मामी उतरल्या. आहे. मामी चढल्या. नाही. शेडसमोर गर्दी जमायला लागली होती. टायरवाल्याने काम थांबवलं, केश कर्तनालयातला एकजण अर्ध्या दाढीने बाहेर येऊन उभा राहिला. दुकानापुढे कुणीतरी "बसली की गेले, उतरली की आले" असं तालात म्हणायला सुरुवात केली आणि पोरासोरांसह म्हाताऱ्यांनीही ते उचललं. आतल्या पाचजणी हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडायला लागल्या.

आता मामांची पाचावर धारण बसली. कारण उलगडत चाललं होतं, पण ते तोंडातून बाहेर काढायचं कसं? बायकोसमोर, तिच्या सात मैत्रिणींसमोर आणि अर्ध्या दाढीच्या माणसासमोर? त्यांनी मामींना उतरवून त्यांच्या जागी कर्णधाराला बसवून पाहिलं. नाही. म्हणजे दोष एकट्या मामींचा नव्हता. मामांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की काचेवर वाफ धरली.

"म्हणजे काय आहे," मामा शब्द चाचपत म्हणाले, "पाचपर्यंत ठीक. सहावी बसली, कुणीही असो बरं का, कुणीही, की आतली जी... बैठकव्यवस्था आहे..."

"वजन," मामी म्हणाल्या.

मामांनी टेस्टर या हातातून त्या हातात घेतला.

"म्हणा की सरळ. वजनाने जातात." मामींनी कमरेवर हात ठेवले. "पाचशे चाळीस किलोच्या गटात खेळतो आम्ही. आठजणी मिळून पाचशे अडतीस भरतो. सहा महिने घाम गाळून, तोलून मापून आणलाय हा आकडा. सकाळपासून घोटभर पाणीसुद्धा विचार करून पितोय. लाजायचं काय त्यात?"

"पाचशे अडतीस!" सातजणींनी एका सुरात गर्जना केली, आणि गर्दीने टाळ्या वाजवल्या. मामांना वाटलं, आपण उगीच एवढा घाम गाळला.

"बसा सहाजणी," ते म्हणाले, "मी खाली जातो." आणि पोतं अंथरून गाडीखाली सरकले.

खालून सगळं स्वच्छ दिसलं. पावाच्या गाडीची मागची पेटी फायबरची. लोखंड नाही म्हणून मागच्या सगळ्या दिव्यांना मिळून अर्थिंगची एकच वायर, तळाच्या फळीखालून चेसीपर्यंत, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत नेलेली. पाव हलका असतो. पावाने ती फळी कधी वाकली नव्हती. पण सहाजणी बसल्या की फळी मध्ये दोन बोटं खाली येत होती आणि तिच्याखालची वायर धनुष्यासारखी ताणली जात होती. वायरीच्या मधोमध एक जोड होता, त्यावर टेप. त्या टेपच्या आत जोड ताणाने सुटत होता आणि बायका उतरल्या की आपला आपण परत टेकत होता. मामांनी टेस्टरचं टोक लावलं. बल्ब गप्प. वरच्या बायकांना हलायला सांगितलं. बल्ब डोळे मिचकावायला लागला.

वायर झकास टाकलेली होती. कुठे झोळ नाही, कुठे लोंबणं नाही. वाद्याच्या तारेसारखी ताठ.

मामांना वायर ओळखायला एवढासाही वेळ लागला नाही. गेल्या उन्हाळ्यात बेकरीवालीने गाडी घेतली तेव्हा ही त्यांनीच टाकली होती. वायर चार बोटं आखूड पडली तर नवी कापायची सोडून ताणून जोडली होती, कारण ताणलेली देखणी दिसते. आणि महिनाभरात तीन वेळा गाडी आली तेव्हा, जगातल्या प्रत्येक गाडीचं आधी अर्थिंग बघणाऱ्या मामांनी या एका गाडीचं अर्थिंग बघितलं नव्हतं. आपणच केलंय, त्यात काय बघायचं!

मामा पोत्यावर उताणे पडून राहिले. वरून सहाजणींच्या हसण्याने फळी हादरत होती. भास म्हणाले होते ते. हसले होते. आता वर जाऊन काय सांगायचं? खाली तर ते एकटेच होते. कुणी पाहिलं होतं?

गाडीखालून बाहेर आले आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. "उंदराने कुरतडलीय वायर."

हे बोलून झालं आणि बेकरीवालीचा चेहरा मामांना दिसला.

"उंदीर?" ती पांढरीफटक पडली. "माझ्या गाडीत? पावाच्या गाडीत?"

"एखादाच असेल..."

"एखादाच!" बेकरीवालीने गाडीत उडी मारली आणि बाकाखाली डोकं घातलं. "आज सकाळी चारशे घरांत पाव दिलाय मी! दवाखान्यात दिलाय! आता गाडी रिकामी करा, धुवायची, सगळ्यांना फोन करायचे. मी नाही येत सामन्याला." तिने खरोखरच फोन काढला. अर्ध्या दाढीच्या माणसाने, तो तिच्याच बेकरीचा पाव खायचा, पोटावर हात ठेवला. कर्णधार म्हणाली दोन वाजले. संघातली दुसरी एकजण उंदराच्या नावानेच बाकावर उभी राहिली होती आणि उतरायला तयार नव्हती.

मामांनी मामींकडे पाहिलं. मामी त्यांच्याकडेच बघत होत्या. आरडाओरडा नव्हता, राग नव्हता. फक्त बघत होत्या, आणि मामांना कळलं की एका उंदरापायी हिचा शेवटचा सामना जाणार, आणि उंदीर तर आपणच आहोत.

"उंदीर नाही," मामा म्हणाले. कुणी ऐकलं नाही. मग ते पायरीवर चढले आणि हॉर्नपेक्षा मोठ्याने ओरडले, "उंदीर नाही हो! एकही नाही! मी खोटं बोललो. वायर मी टाकली, आखूड टाकली, देखणी दिसावी म्हणून ताणली. महिनाभर तुम्ही खरं सांगत होता आणि मी ऐकलं नाही. फोन ठेवा आधी."

बेकरीवालीने फोन खाली घेतला. मग टायरवाला फिसकन हसला, त्याच्या मागोमाग कर्णधार, आणि मग आख्खी गाडी आणि गर्दी हसत सुटली. बाकावर उभी असलेली बाईसुद्धा हसत हसत खाली बसली. मामांची अब्रू गेली होती, पण ती इतक्या हसण्यात गेली की त्यांनाही हसू आवरेना.

"ताणलेली दोरी आम्ही आठजणी मिळून धरतो," मामी म्हणाल्या. "तुम्ही एका टेपच्या भरवशावर सोडलीत."

बाकी काम दहा मिनिटांचं. जुना जोड कापला, हातभर नवी वायर घातली, दोन्ही टोकं नीट कथलाचा डाग देऊन पक्की केली, आणि मध्ये मोठा सैल झोळ ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मामांनी टाकलेली वायर लोंबत होती. त्यांना ती फार कुरूप वाटली. त्यांनी तिला हात लावायचं कटाक्षाने टाळलं.

आता तपासायचं कसं? सहाजणी आत हव्यात. बेकरीवाली मागेच ठाण मांडून बसली होती, उंदीर नाही म्हटलं तरी बाकाखाली नजर टाकत. म्हणून चालकाच्या जागी मामी बसल्या, आणि मागे उभं राहायला उरले मामा. बावीस वर्षांच्या धंद्यात गाडीच्या मागे उभं राहून "आहे, नाही" म्हणायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती.

"बोला!" पुढून मामींचा आवाज आला.

मागे दिवे लखलखले. "आहे," मामा म्हणाले. मग त्यांना राहवलं नाही. "म्हणजे अगदी छान आहे, डावा जरा जास्तच..."

दिवे विझले. मामींनी पाय काढला होता.

"पहिल्यापासून," त्या म्हणाल्या.

सव्वादोनला गाडी निघाली. मामींनी मामांना हाताला धरून मागे चढवलं, म्हणजे आता आत सातवं माणूसही झालं. पुलावर पोलिसाने हात दाखवला, मागे जाऊन उभा राहिला, दिवे बघितले, ब्रेक दाबायला लावला, पुन्हा बघितलं. मग आत डोकावून विचारलं, "काय झालं होतं?"

"माझी चूक," मामा एवढंच म्हणाले, आणि सातजणींनी टाळ्या वाजवल्या. पोलिसाला काहीच कळलं नाही, पण त्याने सलाम ठोकला.

तीनला दोन मिनिटं कमी असताना आठजणी काट्यावर चढल्या. काटा पाचशे सदतीसवर थांबला. हसण्यात किलोभर वजन गेलं, असं कर्णधार म्हणाली.

पहिली ओढ हरल्या. समोरचा संघ तरणा होता, पायांत नवे बूट होते. दुसरी ओढ जिंकल्या. मामा मैदानाच्या कडेला उभे होते आणि स्वतःला सांगत होते की आपण शांत आहोत. तिसरी ओढ तीन मिनिटं चालली. कर्णधार "ओढ!" म्हणाली की आठ पाठी एकदम मागे जायच्या, आणि सगळ्यांच्या शेवटी मामी, दोर खांद्यावरून, टाच मातीत, डोळे मिटलेले. बारा वर्षं ही बाई इथे उभी राहत होती आणि आपण दुकानात कुणाचा तरी हॉर्न दुरुस्त करत होतो, या विचाराने मामा आणखी दोन पावलं दोराजवळ सरकले. एकदा दोर वीतभर पुढे गेला. मामी हलल्या नाहीत. मग हळूहळू, अंगुळ अंगुळ, तो मागे यायला लागला, आणि शिट्टी वाजली. आठजणी एकमेकींवर कोसळल्या, आणि मामा कधी मैदानात धावले ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत नुसता गोंधळ होता. चषकात पाणी भरून पिणं चाललं होतं, आता किती वजन वाढायचं ते वाढू दे. मामी दाराशी आपल्या जागेवर बसल्या होत्या. त्यांनी हळूच मामांकडे वाकून म्हटलं, "अहो, हसू नका. तिसऱ्या ओढीत, तो वीतभर दोर गेला ना, तेव्हा माझ्या टाचेखालची जमीन हलली. खरंच हलली. मला वर ढकललं तिने."

मामांचं तोंड उघडलं. मैदान कडक होतं, त्यांनी स्वतः चालून पाहिलं होतं. जमीन कशी हलेल? कुठे हलली, किती हलली, आणखी कुणाला जाणवलं का, सगळे प्रश्न ओठांवर रांगेत उभे राहिले. मामी त्यांच्याकडे बघत होत्या, मातीने माखलेल्या, थकलेल्या.

"हलली?" मामा म्हणाले.

"हलली."

"तू म्हणतेस ना," मामा म्हणाले, "मग हलली."

 मामी बाकावर थोड्या सरकल्या आणि मामांच्या खांद्यावर डोकं टेकून पुलापर्यंत झोपल्या.